कृती ठेवल्या, कविता वगळल्या

ग्रीक किमयेबद्दल, म्हणजे साध्या धातूचं सोनं करू पाहणाऱ्या जुन्या विद्येबद्दल, आज जे काही माहिती आहे त्यातलं बरंचसं एका जुन्या पोथीतून आलंय. व्हेनिसच्या मार्चियाना लायब्ररीत ती आहे, ग्रीक हस्तलिखित क्रमांक २९९. दहाव्या-अकराव्या शतकात बायझंटाइन साम्राज्यात कुणीतरी ती लिहून काढली, पुढे ती कार्डिनल बेसारिओनकडे आली आणि त्याने १४६८ साली आपला ग्रंथसंग्रह व्हेनिसला देऊन टाकला त्यासोबत तिथे पोचली. सुरुवातीला आत काय काय आहे याची यादी दिलीय. त्या यादीत अलेक्झांड्रियाच्या स्टेफानोसची व्याख्यानं आहेत, हेलिओडोरस, थिओफ्रास्टस, हिएरोथिओस आणि आर्खेलाओस अशा चार नावांच्या चार कविता आहेत, मग डेमोक्रिटसच्या नावावर चालणारं लिखाण, झोसिमोस, आणि बाकी बरंच. आतल्या पानांवर भट्ट्यांची आणि अर्क काढायच्या भांड्यांची चित्रं आहेत आणि स्वतःची शेपटी गिळणारा तो साप पण आहे, ज्याच्या वेटोळ्याच्या मधे 'सगळं एकच' असं लिहिलंय. म्हणजे ज्याने ही पोथी तयार केली त्याला कविता आणि कृती एका जागी ठेवण्यात काहीच वावगं वाटलं नाही.

वावगं वाटलं ते आपल्या काळाला. १८८७-८८ मध्ये पॅरिसला मार्सेलाँ बर्तेलो आणि रुएल यांनी ग्रीक किमयागारांचा मोठा संग्रह छापला, मूळ ग्रीक आणि फ्रेंच भाषांतर दोन्ही. बर्तेलो स्वतः त्या काळातला फार मोठा केमिस्ट, त्यामुळे या संग्रहाला वजन आलं आणि पुढची कित्येक वर्षं लोकांनी ग्रीक किमया वाचली ती याच पुस्तकातून. त्यात या चार कविता नाहीत. कारण तसं साधं होतं, इडेलर नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८४२ साली त्यातल्या बहुतेक आणि स्टेफानोसची व्याख्यानं आधीच छापली होती, त्यामुळे ती व्याख्यानंसुद्धा बाहेरच राहिली. पण कारण साधं असलं म्हणून परिणाम लहान होत नाही. जो केमिस्ट होता त्याने बर्तेलो वाचला आणि त्याला वाटलं किमया म्हणजे कृती, भांडी आणि थोडा गूढ पसारा. कविता गेल्या कवितेच्या अभ्यासकांकडे, आणि त्यांना त्या दुय्यम वाटल्या. १९२३ साली गोल्डश्मिटने चारही कविता एकत्र करून संपादित केल्या, त्याचं मत होतं की या चारही एकाच माणसाने, म्हणजे हेलिओडोरसने, लिहिल्या. तेही पुस्तक पोचलं ते मोजक्या लोकांपर्यंत.

माझं म्हणणं असं आहे की ही जी चाळणी लावली गेली, कृती खाली घ्यायच्या आणि कविता वर राहिल्या तर टाकून द्यायच्या, तिने विज्ञानाच्या इतिहासाचं खरोखर नुकसान केलंय. आणि मी हे कवितेच्या प्रेमापोटी म्हणत नाहीये. मी म्हणतोय कारण कविता आणि कृती शेजारी ठेवून वाचल्या तरच एक प्रश्न दिसतो जो वेगवेगळं वाचल्यावर अजिबात दिसत नाही, तो म्हणजे हे ज्ञान मुळात कोणाच्या हातातलं होतं आणि ते कोणाच्या नावावर गेलं. हा प्रश्न आपल्याकडे रोज पेटलेला असतो, प्राचीन विज्ञानावरच्या प्रत्येक भांडणात तो आत कुठेतरी असतोच, पण आपण भांडतो भलत्याच मुद्द्यावर, त्यांना सगळं माहीत होतं की काहीच माहीत नव्हतं.

आधी कविता काय आहेत ते बघू. चारही मिळून साधारण हजारभर ओळी. वृत्त आयांबिक, म्हणजे लघु-गुरूच्या जोड्यांचं, ओळीत बारा अक्षरं. हे ग्रीक नाटकातल्या संवादांचं वृत्त, ॲरिस्टॉटलने म्हटलंय की बोलण्याच्या सगळ्यात जवळचं हेच. या कवितांच्या काळापर्यंत ग्रीक बोलीतून लघु-गुरूचा फरक कानाला जाणवेनासा झाला होता, तरी शिकलेले लोक जुन्या नियमाने ओळी रचत होते आणि हळूहळू अक्षरं मोजणं हाच नियम उरत गेला. हेलिओडोरसची कविता थिओडोसियस नावाच्या सम्राटाला उद्देशून आहे. या नावाचे तीन सम्राट होऊन गेले, पहिला ३७९ ते ३९५, दुसरा ४०८ ते ४५०, तिसरा ७१५ ते ७१७, आणि यातला कुठला यावर अभ्यासकांत एकमत नाही. कवितांची भाषा आणि कल्पना मात्र स्टेफानोसच्या फार जवळ जातात, आणि स्टेफानोस सातव्या शतकाच्या सुरुवातीचा, सम्राट हेराक्लियसच्या वेळचा. त्याच दरबारात पिसिडियाचा जॉर्ज होता, ज्याने सृष्टीच्या निर्मितीवर याच वृत्तात मोठं काव्य लिहिलं. मला तरी या कविता त्याच हवेतल्या वाटतात.

आता प्रश्न असा की पद्यात का? आपल्याला हा प्रश्न पडतच नाही कारण संस्कृतात वैद्यक, गणित, ज्योतिष यातलं बरंचसं श्लोकात यायचं. पण ग्रीकमध्ये तसं नव्हतं. किमयेचं लिखाण तिथे गद्यात व्हायचं, झोसिमोस गद्यात लिहितो, डेमोक्रिटसच्या नावावरचा तो पहिल्या शतकातला ग्रंथ गद्यात आहे. म्हणजे ज्याने पद्य निवडलं त्याने मुद्दाम निवडलं.

याचं एक उत्तर गेलन देतो, दुसऱ्या शतकातला वैद्य. नीरोचा वैद्य आंद्रोमाखोस याने विषावरच्या थेरियाक नावाच्या औषधाची कृती १७४ ओळींच्या कवितेत लिहिली होती, साठाहून जास्त घटक, त्यात सापाचं मांस पण. दामोक्रातेस नावाच्या दुसऱ्या वैद्याने तर आयांबिक वृत्तातच औषधं लिहिली. गेलन त्यांचं कौतुक करतो आणि कारण सांगतो की पद्य लक्षात राहतं, आणि त्यातली मापं कुणाला सहज बदलता येत नाहीत, नक्कल करणाऱ्याने आकडा चुकवला तर ओळच मोडते. म्हणजे वृत्त म्हणजे माप सुरक्षित ठेवायची सोय. किती व्यवहारी विचार आहे हा!

पण हेच उत्तर किमयेच्या कवितांना लावून बघा, बसत नाही. कारण त्यांच्यात मापं जवळजवळ नाहीतच. त्या वाचून कुणालाही घरी जाऊन काही करता येणार नाही. मग ही सोय कशासाठी राखली? इथे मला वाटतं दोन गोष्टी बघाव्या लागतात, एक गाव आणि एक ठग.

गाव म्हणजे पानोपोलिस, वरच्या इजिप्तमध्ये नाईलच्या काठी, आजचं अखमीम. झोसिमोस इथला, इसवी सन ३०० च्या आसपासचा, ज्याचं लिखाण आपल्या हातात बऱ्यापैकी आहे असा सगळ्यात जुना किमयागार. आणि हेच गाव पाचव्या शतकात कवींचं गाव होतं. नोन्नोस इथला, ज्याचं डायोनिससवरचं महाकाव्य ४८ सर्गांचं आहे. किरोस इथला, जो कवितेच्या जोरावर कॉन्स्टँटिनोपलला गेला, मोठ्या पदांवर चढला आणि ४४१ साली कॉन्सल या मोठ्या मानाच्या रोमन पदावर बसला. पाम्प्रेपिओस इथलाच. इजिप्तमधले हे कवी गावोगाव, दरबारोदरबारी फिरायचे, राजाची, सेनापतीची, शहराची स्तुती करायचे आणि त्यावर जगायचे, काही जण फार वर गेले. युनापिओस नावाचा लेखक तर कुरकुर करतो की इजिप्तच्या लोकांना कवितेचं वेड लागलंय आणि गंभीर हर्मीस देव त्यांना सोडून गेलाय. हर्मीस हा किमयागारांचाही आद्य गुरू मानला जायचा हे लक्षात घेतलं की हे वाक्य जास्तच बोलकं वाटतं, कारण पानोपोलिससारख्या गावात हर्मीस आणि कविता एकाच गल्लीत नांदत असणार. त्या जगात चांगलं पद्य येणं म्हणजे माणूस शिकलेला आहे, ग्रीक शाळेतून गेलाय, सभेत उभं करण्याच्या लायकीचा आहे याचा पुरावा होता.

आणि ठग म्हणजे जॉन इस्थमेओस. मलालस नावाच्या इतिहासकाराने त्याची हकिगत दिलीय. सम्राट अनास्तासियसच्या काळात, म्हणजे ४९१ ते ५१८ च्या दरम्यान, हा माणूस अँटिओकमध्ये सोनार-चांदीवाल्यांच्या दुकानात सोन्याच्या पुतळ्यांचे हातपाय घेऊन जायचा, जुना खजिना सापडलाय म्हणायचा आणि लोकांना फसवायचा. मग राजधानीत आला, तिथेही तेच. शेवटी त्याने सम्राटालाच मोत्यांनी मढवलेला सोन्याचा लगाम भेट दिला. अनास्तासियसने लगाम ठेवून घेतला, म्हणाला मला नाही फसवू शकणार तू, आणि त्याला पेत्राच्या किल्ल्यात हद्दपार केलं, तो तिथेच मेला. किमयागार म्हटलं की राज्यकर्त्याच्या डोळ्यासमोर असा माणूस यायचा. आता अशा काळात तुम्ही सम्राटाला उद्देशून सोनं बनवायच्या कलेवर लिहिताय. तुम्ही कृती घेऊन गेलात तर तुम्ही जॉन इस्थमेओस. तुम्ही बारा अक्षरांच्या शुद्ध ओळी घेऊन गेलात, त्यात देवाची स्तुती आहे, सृष्टीच्या घटकांचा विचार आहे, तर तुम्ही फिलॉसॉफर. थिओफ्रास्टसच्या नावाची कविता सुरूच होते ती आम्ही ज्ञानी लोक कसे धन्य आहोत, आम्हाला निसर्ग कसा कळतो अशा बोलण्याने. मला त्यात बढाईपेक्षा भीती जास्त ऐकू येते, आम्हाला त्या ठगात मोजू नका ही भीती.

म्हणून मी म्हणतो की या कविता त्या काळचा पुरावा म्हणून अस्सल आहेत. त्या सांगतात की किमयेला समाजात स्वतःची जागा मागावी लागत होती, आणि ती कशी मागितली गेली.

आता आतला मजकूर. थिओफ्रास्टसच्या कवितेत एक ड्रॅगन येतो, तोच शेपटी खाणारा ओरोबोरोस, पांढरट, ठिपक्याठिपक्यांचा, आणि त्याला घोड्याच्या लिदीत ठेवायचं, तिथे तो स्वतःलाच खातो. हे वाचून पटकन कोणी म्हणेल काय हा वेडेपणा. पण लीद हे कवितेचं अलंकारिक सामान नाहीये, ती त्यांची खरी पद्धत होती, लिदीची ऊब मंद असते आणि दिवसेंदिवस टिकते, थर्मोस्टॅट नसलेल्या माणसाला याहून चांगलं काय मिळणार. म्हणजे एका ओळीत ड्रॅगन आहे आणि त्याच ओळीत प्रयोगशाळा आहे. आर्खेलाओसच्या कवितेत शरीर, आत्मा आणि प्राण यांची भाषा आहे, शरीर शुद्ध होतं आणि आत्मा त्यात परत येतो, आणि धातूंचं काळं पडणं, पांढरं होणं, पिवळं होणं हे सगळं त्या भाषेत बसवलेलं आहे. ही कल्पना त्याच्या आधीपासून चालत आलेली, क्लिओपात्रा (राणी नव्हे, त्या नावाची किमयागार) आणि तत्त्वज्ञांचा म्हणून जो संवाद आहे त्यात प्राण हाक मारतो की पाताळातून जागे व्हा, थडग्यातून उठा. ज्यांनी भांड्यात राख झालेला धातू पुन्हा चमकताना पाहिलाय त्यांना ही भाषा सुचणं मला अगदी स्वाभाविक वाटतं, त्यांच्याकडे त्यासाठी दुसरे शब्दच नव्हते.

कोड्यांचा पण प्रकार होता. सिबिल म्हणजे भविष्य सांगणारी बाई, तिच्या नावावरच्या भविष्यवाण्यांमध्ये एक कोडं आहे, मला नऊ अक्षरं, चार अवयव म्हणजे उच्चाराचे तुकडे, पहिल्या तीन अवयवांत दोन-दोन अक्षरं आणि शेवटच्यात उरलेली, पाच व्यंजनं, ओळखा मी कोण. मुळात ते देवाच्या नावाचं कोडं. किमयागारांनी ते उचललं आणि उत्तर काढलं आर्सेनिकोन, म्हणजे आपलं हरताळ, पिवळं धम्मक खनिज, आर्सेनिक आणि गंधकाचं. ग्रीक स्पेलिंगमध्ये ते सगळं बरोब्बर बसतं. पुढे कोड्यात अक्षरांच्या किमतींची बेरीज येते, ती मात्र बसत नाही, आणि तरीही त्यांनी उत्तर सोडलं नाही. मला ही गोष्ट फार शिकवणारी वाटते कारण इथे दिसतं की कविता त्यांच्यासाठी फक्त सजावट नव्हती, ती शोधायची जागा होती, आणि त्या शोधात माणूस स्वतःला कसं पटवून घेतो तेही तिथेच दिसतं.

आता दुसरी बाजू, कृती. लायडनला आणि स्टॉकहोमला इजिप्तमधून आलेले दोन पपायरस आहेत, तिसऱ्या-चौथ्या शतकातले, दोन्हीत मिळून शंभराहून कितीतरी जास्त कृती. लोकर जांभळी रंगवायची, खोटे पाचू बनवायचे, मोती बनवायचे, चांदीसोन्यासारखा दिसणारा मिश्रधातू ओतायचा. लायडनच्या एका कृतीत सरळ लिहिलंय की हे कारागिरांनासुद्धा ओळखू येणार नाही. कुठे आत्मा नाही, ड्रॅगन नाही. गंधकाच्या पाण्याची कृती आहे, मूठभर चुना, तेवढंच बारीक केलेलं गंधक, ते कडक व्हिनेगरमध्ये किंवा लहान मुलाच्या लघवीत घालायचं आणि खालून आच द्यायची, पाणी रक्तासारखं दिसेपर्यंत. हे आज करून बघता येतं, लॉरेन्स प्रिन्सिपे या केमिस्ट-इतिहासकाराने ते केलंय, आणि या पाण्यात चांदी घातली की तिच्यावर खरंच सोनेरी रंग चढतो.

आणि मारिया. तिला यहुदी मारिया म्हणतात, तिचं स्वतःचं पुस्तक उरलं नाही पण झोसिमोस तिला पुन्हा पुन्हा उद्धृत करतो. तीन तोट्यांचं अर्क काढायचं भांडं कसं बनवायचं ते ती सांगते, तांब्याच्या नळ्या घ्या, पत्र्याची जाडी मिठाईवाल्याच्या कढईपेक्षा थोडी जास्त असू द्या, सांधे कणकेने लिंपा. या एका वाक्यात कितीतरी माणसं उभी आहेत, तांबट आहे, मिठाईवाला आहे, आणि त्यांच्या दुकानात जाऊन पत्रा बोटांनी चाचपून बघणारी एक बाई आहे.

हे वाचून झालं की मग परत त्या चार कविता वाचा. तिथे तांबट नाही, रंगारी नाही, कणीक नाही. तीच काळी-पांढरी-पिवळी-जांभळी रंगांची साखळी आहे जी रंगाऱ्याच्या पिंपातून आणि सोनाराच्या मुशीतून आली, डेमोक्रिटसच्या नावाच्या ग्रंथाचे चार भागच मुळात सोनं, चांदी, रत्नं आणि जांभळा रंग असे होते. पण कवितेत पोचेपर्यंत ती साखळी फिलॉसॉफरची झालेली आहे, हात गळून पडलेत. मला वाटतं ही या कवितांमधली सगळ्यात महत्त्वाची बातमी आहे आणि ती फक्त कविता वाचून कळत नाही आणि फक्त कृती वाचूनही कळत नाही. कामगाराचं ज्ञान विद्वानाचं कसं होतं, त्याला वर जाताना कुठले कपडे घालावे लागतात आणि खाली कोण राहून जातं, हे इतक्या उघडपणे फार थोड्या ठिकाणी दिसतं.

बर्तेलोच्या वाचकांनी एक चाळणी लावली तर पुढे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने उलटी लावली. १९३७ च्या व्याख्यानात त्याने झोसिमोसची स्वप्नं घेतली, ती स्वप्नं भयंकर सुंदर आहेत, वाडग्याच्या आकाराची वेदी, तिच्याकडे जाणाऱ्या पंधरा पायऱ्या, तलवारीने चिरला जाणारा पुजारी, तांब्याचा माणूस जो चांदीचा होतो आणि मग सोन्याचा. युंगला त्यात माणसाच्या मनाचा प्रवास दिसला. दिसू दे, त्याला माझी हरकत नाही. पण त्याच झोसिमोसने भट्ट्या आणि उपकरणांवर पानंच्या पानं लिहिलीत, ती त्या वाचनात मागे पडतात आणि लोकांच्या डोक्यात उरतं ते किमया म्हणजे आत्मशोध. एकाने आत्मा काढून टाकला, दुसऱ्याने तांबं. दोघांच्याही वाचनात मिठाईवाल्याची कढई कुठे नाही.

आपल्याशी याचा संबंध काय, तर खरा आणि थेट आहे. कोलकात्याचे केमिस्ट प्रफुल्लचंद्र राय यांनी बर्तेलोचं ग्रीक किमयागारांवरचं काम वाचलं आणि त्याला पत्र लिहिलं, भारतीय रसशास्त्रावरचं, म्हणजे पारा आणि धातूंच्या आपल्या जुन्या विद्येवरचं टिपण पाठवलं, बर्तेलोने १८९८ साली त्यावर लेख लिहिला, आणि त्यातून रायांचा हिंदू रसायनाचा इतिहास उभा राहिला, पहिला खंड १९०२ ला. पण राय बर्तेलोच्या पुढे गेले. त्यांनी १९१० मध्ये रसार्णव हा रसशास्त्राचा संस्कृत ग्रंथ संपादित करून छापला, तो सगळा पद्यात आहे, भैरव आणि देवीचा संवाद, त्यातला देव काढून फक्त पारा ठेवला असं त्यांनी केलं नाही. आणि पहिल्या खंडात त्यांनी एक कडक प्रकरण लिहिलं की आपल्याकडे कलाकौशल्य खालच्या मानलेल्या जातींकडे ढकललं गेलं, बुद्धिवंतांनी हाताचं काम सोडलं आणि तिथेच विज्ञानाची वृत्ती आटली. म्हणजे ग्रीक कवितांमध्ये जे हात गळून पडलेले दिसतात तोच प्रश्न रायांनी आपल्या घरात विचारला होता, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी. आज त्यांचं नाव दोन्ही बाजू घेतात, ज्यांना प्राचीन भारतात सगळं होतं म्हणायचंय ते पण आणि ज्यांना विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा अशी रेघ मारायचीय ते पण, आणि ते प्रकरण मात्र फार कमी लोक उघडतात.

यावर आक्षेप येतील ते मला दिसतात. पहिला, या कविता काही थोर नाहीत. मान्य. नोन्नोसच्या शेजारी ठेवल्या तर फिक्या पडतात, बऱ्याच ठिकाणी स्टेफानोसच्या व्याख्यानातली वाक्यंच वृत्तात बसवलीयत. पण इतिहासाचा पुरावा सुंदर असावा लागतो असा नियम कुठे आहे? उलट सामान्य कवीने जे केलं ते त्या काळात सहज होत असणार, म्हणून त्याची साक्ष जास्त कामाची. दुसरा आक्षेप, नावं खोटी आहेत, हा थिओफ्रास्टस ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस नाही. हेही बरोबर. पण उसनं नाव घेणं हीसुद्धा तीच धडपड आहे जी वृत्त घेण्यामागे आहे, दारात उभं राहायला मोठं नाव लागतं. तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, की कविता विज्ञानाच्या वर्गात आणली की त्याच वाटेने उडती विमानं आणि बाकी सगळं आत येईल. ही भीती मला समजते, गेल्या काही वर्षांत आपण जे बघितलंय त्यामुळे ती खोटीही म्हणता येत नाही. पण जुनी ओळ नुसती मिरवायची असते तेव्हाच ती घातक होते. कृतीच्या शेजारी ठेवून तपासली की ती आपोआप जमिनीवर येते, कारण मग विचारता येतं की बाबा, माप कुठाय, भांडं कुठाय, हे केलं कोणी. ज्याला कविता वाचायलाच शिकवली नाही तो तिच्यापुढे एकतर हात जोडतो नाहीतर हसतो.

आणि आपल्याकडे हे करण्याची सोय बाहेरच्यांपेक्षा जास्त आहे. महाराष्ट्रातल्या आयुर्वेद कॉलेजांमध्ये बीएएमएसची मुलंमुली आजही रसशास्त्र शिकतात, शोधन-मारणाचे, म्हणजे धातू शुद्ध करून त्याचं भस्म करण्याचे श्लोक पाठ करतात, आणि त्याच विषयाच्या प्रॅक्टिकलला खल-बत्त्यात पारा-गंधक घोटून काळी कज्जली करतात. पद्य आणि मूस एकाच टेबलावर असण्याचा अनुभव त्यांना आहे. दुसरीकडे केमिस्ट्रीच्या विद्यार्थ्याला बारावीनंतर कविता फारशी दिसत नाही आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला टेस्ट ट्यूब दिसत नाही. या चार ग्रीक कविता मराठीत याव्यात असं मला मनापासून वाटतं, आणि त्या एकट्या भाषांतरकाराने करू नयेत. ग्रीक जाणणारा एक, रसायन जाणणारा एक आणि वृत्तावर हात बसलेला एक कवी असे तिघं बसावेत, आणि प्रत्येक कवितेच्या समोरच्या पानावर पपायरसमधली, मारियाची, झोसिमोसची त्या त्या रंगाची, त्या त्या भांड्याची कृती छापावी. बारा अक्षरांची ओळ मराठी कानाला परकी नाही, भुजंगप्रयात बाराच अक्षरांचं, मनाचे श्लोक म्हणत वाढलेल्या माणसाला ती लय लगेच पकडता येईल.

हे पुस्तक येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. एखाद्या कॉलेजने दोन विभागांचा मिळून एक तास ठेवावा. चुना, गंधक आणि व्हिनेगर कुठल्याही लॅबमध्ये मिळतं, गंधकाचं पाणी उकळताना विषारी वायू निघतो म्हणून ते फ्यूम हूडखाली, म्हणजे वायू ओढून घेणाऱ्या कपाटात, आणि शिक्षकांनीच करावं, त्यात चांदीचा तुकडा बुडवून रंग बदलताना मुलांना दाखवावा आणि मग आर्खेलाओसच्या ओळी वाचाव्यात, शरीर शुद्ध होण्याच्या. आणि त्या तासाला गावातल्या एखाद्या मुलामा चढवणाऱ्या कारागिराला बोलवावं, त्याने त्याचं काम त्याच्या शब्दांत सांगावं, आणि बाहेरून आलेल्या प्रोफेसरला व्याख्यानाचं जेवढं मानधन देतात तेवढंच त्यालाही द्यावं.